मायची नखं आणि पुरणाचे मांडे

आमच्या वारासिवनीच्या मोहल्ल्यात कुठे लग्न निघालं की पुरणाचे मांडे करायला सगळ्यात आधी माझ्या मायला बोलावणं यायचं. कणीक इतकी सैल, की धड हातात ठरत नाही. ती या हातावरून त्या हातावर झेलत माय पार कोपरापर्यंत पसरायची आणि चुलीवरच्या पालथ्या मडक्यावर अलगद टाकायची. एक मांडा फाटेल तर शपथ! मोठा तोरा होता बाईचा, आणि का नसावा?

मग तिची नखं बिघडली. आधी अंगठ्याचं, मग बाकीची. पिवळी, जाड, कडेने भुगा होणारी. एका लग्नात शेजारच्या काकूंनी तिच्या पुढ्यातली परात हळूच ओढून घेतली. "तू राहू दे व बाई, आमी करतो." माय हसली आणि घरी आली. पुढे बोलावणी बंदच झाली. त्यातच माझं लग्न ठरलं. मांडे मायच्याच हातचे हवेत, म्हणून मी हटून बसले.

बालाघाटच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही नखातली बुरशी आहे. ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या नवीनच निघाल्या होत्या. औषध म्हटल्यावर मायने कडक पथ्य धरलं. तेल बंद, तूप बंद, गोळी तांदळाच्या पेजेवर. आमच्याकडे पथ्य म्हणजे हेच. महिने गेले, नखं जशीच्या तशी! मी तर गोळ्या नाल्यात फेकायला निघाले होते.

त्याआधी मायला पुन्हा बालाघाटला नेलं. "गोली किसके साथ लेती हो?" डॉक्टरांनी विचारलं. पेज ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे बाई, इसको घी चाहिए!"

मग त्यांनी समजावलं, ही गोळी तुपातेलाच्या जेवणाबरोबरच अंगात नीट भिनते. जुनं नख काही ती सुधारत नाही. बुडाशी नवं नख तयार होतं ना, त्यात ती जाऊन बसते, मग तिथे बुरशीला वाढता येत नाही. जुनं नख हळूहळू पुढे सरकतं, आपण ते कापत राहायचं. नवं पूर्ण येईस्तोवर गोळी सोडायची नाही. काय डोकं लावलंय कोणीतरी! मला अजून नवल वाटतं.

तूपभातावर गोळी सुरू झाली आणि नखांच्या बुडाशी गुलाबी कड दिसू लागली.

लग्नापर्यंत बाकीची नखं स्वच्छ झाली, अंगठ्याचं टोक तेवढं पिवळं राहिलं. काकू स्वतः बोलवायला आल्या, पण माय परातीला शिवली नाही. चुलीत लाकडं सारत बसली.

"काहून व माय? माह्या लग्नात तरी!"

"थोडं राह्यलं आहे पोरी. लोकायले खाऊ घालाचं आहे."

असा राग आला मला! काकूंचे फाटके मांडे मी रडत रडतच खाल्ले.

दिवाळीला माहेरी आले, तर मायने दारातच दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "पाह्य." अंगठा नवा कोरा. दुपारी तिने मडकं पालथं घातलं. पहिला मांडा मला दिला. तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. "मले दे व एक." मायने मांडा वाढला, वर तुपाची धार सोडली. काकू तिथेच चुलीपाशी बसून खाऊ लागल्या. परात ओढली तेव्हा हसलेली माझी माय आता पदर तोंडाला लावून रडायला लागली.