चष्मा पुसणारा माणूस

जुन्नरच्या लॅबमधला तो माणूस दर खेपेला काही सांगण्याआधी हळूहळू चष्मा पुसायचा. आईचा खोकला थांबत नव्हता आणि टीबीच्या संशयाने शेजारणी तिच्या हातचा चहा टाळत होत्या.

"पदवीवाले ना तुमी? बघा," तो म्हणाला. असलं काही मी पुस्तकातच पाहिलं होतं. सूक्ष्मदर्शकात, आईच्या थुंकीच्या नमुन्यात, निळसर धुक्यात बारीक फांद्या तरंगत होत्या, जणू तळ्याखालचं रान.

"टीबी न्हाई, ही बुरशी हाय. सडक्या कांद्याची काळी पूड छातीत गेली असंल. डॉक्टर औषध बदलतील."

संध्याकाळी तो आमच्या कांद्याच्या वखारीत आला. आईला नवा रुमाल देत म्हणाला, "मावशी, कांदा निवडताना तोंडाला बांधा." मग तिथे कांदा निवडणाऱ्या शेजारणींसमोरच बसला. "आता चा टाका."

कप रिकामा करून त्याने चष्मा पुसला. तेवढ्यात शेजारची काकू आईला म्हणाली, "मलाबी घोटभर दे गं."