वयाचा रकाना

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या, सुनीताच्या, कागदावर तिच्या वयाभोवती लाल पेनाने गोल काढला. एक्केचाळीस. मग त्या शांतपणे समजावू लागल्या. या वयात दिवस राहणं अवघड जातं, राहिले तरी गर्भ टिकेलच असं नाही, रक्तदाब आणि साखर जपावी लागते. "यात तुमची काही चूक नाही हं," असंही त्या तिला म्हणाल्या. माझं वय त्यांनी विचारलं नाही.

लग्न झालं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. दोन वर्षांनी तिनं विचारलं, "आता मूल होऊ द्यायचं ना?" मी म्हणालो, "बढती होऊ दे." नंतर बदली आली, मग फ्लॅट. दरवेळी ती "बरं" म्हणायची आणि मला तो तिचा समजूतदारपणा वाटायचा. थांबत दोघंही होतो, पण त्या थांबण्यात सरत होतं ते तिच्या शरीरातलं काहीतरी, हे मी कधी मनावरच घेतलं नाही. पुढे दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. माझी मावशी तिला म्हणाली, "नोकरीच्या मागे लागलं की असंच व्हायचं." मी शेजारीच चहा पीत बसलो होतो.

काल दवाखान्याचा जिना उतरताना मी सुनीताला म्हणालो, "उशीर माझ्यामुळे झाला."

ती थांबली. "मला माहीत होतं. तुला माहीत आहे का, तेच कळत नव्हतं," ती म्हणाली आणि कठडा धरून पुढे उतरू लागली.