दाबलं की रेघ चढते

आमच्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी समई लावली. इथे कामाला अंधार लागतो, असं मी हळूच सांगितलं, तर त्यांनी अज्ञानाच्या अंधारावर भाषण केलं.

मी प्रोब बनवते. काचेच्या बारीक तंतूंची जुडी, विणायच्या सुईएवढी. मधला तंतू तोंडाच्या आत गालावर निळा प्रकाश सोडतो, भोवतालचे तंतू तिथून परतणारा मंद हिरवा उजेड गोळा करतात. निरोगी जागी पडद्यावरची रेघ उंच चढते, बिघडलेल्या जागी खाली बसते.

माझा थोरला भाऊ एका दुपारी छत्रीबागेतल्या घरून स्कूटरवर प्रयोगशाळेत आला. तंबाखू तरुणपणापासूनची. गालात पांढरा चट्टा होता आणि डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं.

"काटछाट कशाला, भिया? तुझी मशीन आहे ना." भिया म्हणजे भैया, पण बहिणीलाही तो भियाच म्हणायचा.

"ती अजून शिकतेय, दादा. तिच्या भरवशावर डॉक्टर टाळू नकोस."

"टाळत कुठेय? बस, देख तो ले."

चट्ट्यावर रेघ बसली. माझा चेहरा पाहून त्यानं प्रोब हिसकावला आणि स्वतःच जोरात दाबला. रेघ हलकेच वर सरकली.

"ए, चढली!"

"दाबलंस म्हणून. दाबलं की तिथलं रक्त बाजूला सरतं आणि उजेड जास्त येतो. तुकडा काढावाच लागेल."

तो हसला. घरी जाऊन त्यानं सांगितलं, बहिणीच्या मशीननं पास केलं.

मी फोनवर ओरडले. वहिनीला सगळं समजावलं. ती रडवेली झाली. "ताई, हे नाक्यावर सांगत फिरतात. म्हणतात, तो डॉक्टर माझ्या बहिणीपेक्षा जास्त शिकलाय का?"

मी शिकले याचा घरात अभिमान त्याला एकट्यालाच होता. बाकीच्यांना माझ्या लग्नाची काळजी होती. त्या अभिमानापुढे माझंही काही चालेना.

तो तपासून घ्यायला गेला तेव्हा मानेत गाठ आली होती. विजय नगरच्या हॉस्पिटलात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो फार दिवस जगला नाही.

तो हॉस्पिटलात असताना एकदा तरुण डॉक्टर पट्टी बघायला आला. दादाला बोलता येत नव्हतं, म्हणून आजाराबद्दल मीच सांगत होते.

"मॅडम, आप भी डॉक्टर हैं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादानं जोरानं होकारार्थी मान हलवली. टाके ताणले गेले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हलवतच राहिला.

मी नाही म्हटलं नाही.