शुक्रवारी गेलेला आईचा आवाज

आमच्या कामतघरच्या चाळीत माणसाचा आवाज गेला, तर ते शुक्रवारपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

कारण साधं आहे. चाळीच्या तिन्ही बाजूंना कापड विणणारे लूम. ते चालू असताना कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे सगळे नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा ते ओठ वाचतो. (भांडणंसुद्धा अशीच होतात. लांबून वाटतं, दोन बायका एकमेकींना गाणं शिकवताहेत!) लूम बंद असतात ते फक्त शुक्रवारी.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मुंबईच्या एका दवाखान्यात आईच्या गळ्यातली गाठ काढली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती. ती दुखावली आहे. त्यांनी बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. पाणी हनुवटी छातीला टेकवून प्यायचं. आणि खोकल्याची उबळ अजिबात येऊ द्यायची नाही!"

'आवाज परत येईल ना?' मला विचारायचं होतं. मी ओठ हलवले. डॉक्टर मुंबईचे, त्यांना ओठ वाचता येत नव्हते. ते निघून गेले.

घरी ठरलं की आईच्या वतीने मी बोलायचं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी म्हणून! (कॉन्व्हेंटमध्ये मी मुख्यतः गप्प बसायला शिकले होते.) पण माझी गरजच पडली नाही. आई ओठ हलवायची, चाळीला सगळं कळायचं. शेजारच्या शेवंतामावशीने तर गावभर सांगितलं, "डागदर भारी हाय. वैनी पयल्यासारखी बोलते!"

मग शुक्रवार आला.

लूम थांबले की कामतघरची शांतता अंगावर येते. नळाचा थेंब पडला तरी मागे कुणी उभं आहे असं वाटतं. भर दुपारी आई दारात पाणी पीत होती. हात वर नेता येत नव्हते, म्हणून केस मोकळे. गळ्याला पांढरी पट्टी. मान वळत नव्हती, म्हणून चाहूल लागताच ती अख्खीच वळली, सावकाश, कपाटाच्या दारासारखी. हनुवटी छातीला टेकलेली आणि डोळे तेवढे वर, शेवंतामावशीवर रोखलेले.

"वैनी, कशी हायस?"

आईचे ओठ हलले. हसले. काहीतरी विचारून थांबले. आवाज मात्र कुठूनच आला नाही. खरं कारण मला ठाऊक होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला!

मावशीच्या हातातली वाटी खाली पडली. "बया! कालपातुर बोलत व्हती की! कुनी नेला गं हिचा आवाज?"

चाळ गोळा झाली. भूत उतरवायला कुणी दिघाशीचा भगत सुचवला.

"त्यो येईपातुर मिरच्यांची धुरी द्या!" मावशी म्हणाली.

पेटती शेगडी आली. मूठभर मिरच्या आल्या. धुरी म्हणजे खोकला, आणि खोकला म्हणजे आईची ती नस! मी पुढे धावले. "थांबा! तिला बोलायला बंदी आहे!" असं मी जिवाच्या आकांताने ओरडले.

म्हणजे, ओठ हलवले.

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग किंचाळली, "आगं देवा, पोरीचा पन गेला! शेगडी दोघींच्या मधी ठेव!"

"उचल ती शेगडी!"

सगळे जागच्या जागी थिजले. आवाज आईच्या तोंडून आला होता, पण आईचा नव्हता. जाड, खरखरीत, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. हुबेहूब माझ्या आजोबांचा, तात्यांचा! आणि आजोबा गेल्या पावसाळ्यातच वारले होते.

मावशीने शेगडी उचलली, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, "तात्या, तुमी? आमची शिडी कुटं ठेवलीत वो?"

आईने मुकाट्याने बोट वर केलं. (तात्यांनी तिच्याकडून आणलेली शिडी आमच्या पोटमाळ्यावर होती. मावशी समजली, तात्यांनी ती सोबत नेली. तिने पुन्हा कधी मागितली नाही.)

मी मात्र कोपऱ्यात बसून रडले. कसाही असेना, आवाज होता!

तपासणीच्या दिवशी डॉक्टरही तेच म्हणाले. "खरखर हळूहळू जाईल. आवाज वाचला." मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला काही विचारायचंय?"

मला पुष्कळ विचारायचं होतं. मी ओठ हलवले.

डॉक्टर दचकले. त्यांनी आईला खुर्चीवरून उठवलं, मला बसवलं आणि टॉर्च पेटवून म्हणाले, "आ करा."