क्रेझी क्विल्टला धावदोरा

इथं अमेरिकेत, आमच्या आयसेलिन गावच्या शोभाकाकूंना कुणी ‘असं करत नाहीत’ म्हटलं, की ते झालंच म्हणून समजा. त्र्यंबककाका, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यावर लोक म्हणाले, आता भजनाला येत जा. काकू जाऊन बसल्या ते अमेरिकन बायकांच्या क्विल्टमंडळात, म्हणजे इथल्या गोधड्या शिवणाऱ्यांत.

तिथं त्यांनी क्रेझी क्विल्ट पाहिली. दीडशे वर्षांपूर्वीची इथली फॅशन. रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडायचे आणि प्रत्येक सांध्यावर भरतकाम करायचं. काकूंच्या कपाटात हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस खच्चून भरलेले. आम्ही सगळ्याजणी तेच तेच पीस एकमेकींच्या ओटीत ढकलत असतो! काकूंनी ते सरळ कापले. जोडीला काकांचे टाय आणि पैठणीचा काठ. भरतकाम असं केलं, की मंडळातल्या बायका बघत राहिल्या.

घोळ पुढे झाला. आपल्याकडे गोधडी म्हणजे आत जुनं मऊ कापड आणि वरून आरपार धावदोरा. काकूंनी सवयीनं आत काकांची पूजेची धोतरं पसरली आणि सगळीकडून धावदोरा घातला.

मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं; त्याआधी प्रमुख कॅरलबाईंनी नाक मुरडलं. क्रेझी क्विल्ट शोभेची असते, आत काही भरत नाहीत, वर असे टाके तर नाहीच नाही. काढा, नाहीतर ती भिंतीवर लागणार नाही.

“काढून टाक ना, आई,” त्यांची मुलगी उत्तरा म्हणाली. “इट्स जस्ट थ्रेड!”

“दोरा काढला की तुझे बाबा बाहेर येतील,” काकू म्हणाल्या. “आणि पांघरायचीच नाही, तर शिवली कशाला?”

भिंतीवर आपली क्विल्ट बघायची त्यांना केवढी हौस होती, ते मला माहीत होतं. पण त्यांनी एक टाका उसवला नाही. त्या कॅरलबाईंचा मला असा संताप आला!

शनिवारी प्रदर्शनाला मीच काकूंना ड्राइव्ह करून नेलं. हॉलभर ‘हात लावू नका’च्या पाट्या. काकूंनी मधोमध खुर्ची ओढली आणि क्विल्ट अंगभर पांघरून बसल्या. लोक जमले. कुणी टाय चाचपला, कुणी काठावरचा मोर. एका आजीबाईंनी तर गार पडलेले हातच आत खुपसले.

कॅरलबाई धावत आल्या. “शोभा, ही तुला इथं डिस्प्ले करता येणार नाही.”

“डिस्प्ले कोण करतंय?” काकूंनी त्यांना इंग्रजीत ठणकावलं. “माझा नवरा गेलाय. मला थंडी वाजते.”

आणि क्विल्ट गळ्यापर्यंत ओढून घेतली.