होममेकर म्हण

"खोपी कशाला सांगतेस? कंपनीला रडगाणं नको असतं." सर हसले. त्यांच्या मागोमाग सगळा हॉल हसला.

बीडमधलं आमचं इंजिनिअरिंग कॉलेज. एम.टेक.चं शेवटचं वर्ष. आम्हाला कंपनीसाठी तयार करायला हे सर पुण्याहून आणले होते. ते ज्यांना पास म्हणतील तेच कंपनीच्या मुलाखतीला जाणार. मला जायचंच होतं. दोन वर्षं मी बेअरिंगच्या कंपनांवर काम केलं होतं. त्यावर त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ओळख करून दे म्हणाले. मी सांगितलं, आईवडील ऊस तोडतात, मी खोपीत वाढले.

"असं नाही. वडील शुगर इंडस्ट्रीत आहेत, म्हण. आई होममेकर. आणि जरा हसून."

मी म्हणाले.

"पुन्हा. दात दिसू देत."

पुन्हा म्हणाले. पुढच्या रांगेत बसलेल्या, साखर कारखान्याच्या चेअरमनच्या पोराने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. अंगाची नुसती आग झाली. पाय मात्र हलेनात.

होममेकर! दिवाळीनंतरचे सहा महिने जिचं घर म्हणजे पाचटाची खोपी, ती. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. बापाला निदान नावाने हाक मारतो. आई म्हणजे नुसता अर्धा कोयता. पाळीत खाडा पडतो म्हणून तिने गर्भपिशवी काढून घेतली, तेव्हा मी सातवीत होते. टाके ओले असताना ती उसाच्या फडात उभी राहिली. एका हाताने पोट दाबून मोळ्या ओढत होती. मी बघत होते.

हॉलमधल्या त्या टाळ्यांनंतर त्याच संध्याकाळी, कारखान्याजवळच्या तोडकऱ्यांच्या तळावरून तिचा फोन आला.

"आज काय शिकविलं गं?"

"ओळख करून द्यायला."

"मंग माझं काय सांगितलं?"

"तू जेवलीस का?"

"लाजती कावून? लई मोठ्या लोकांत उभी ऱ्हायलीस. आईचं नाव तर घेतलं असशील की."

नावच घेतलं नव्हतं.

त्यानंतर झोप उडाली. होस्टेलच्या आरशासमोर ओळखीचा सराव करायला लागले की आधी माझे दात दिसायचे. मग मागे ती दिसायची, पोट दाबून उभी. मला माझ्याच दातांची भीती वाटायला लागली.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा तोच हॉल, तेच सर. "हं, ओळख."

"माझी आई कौसाबाई. ती ऊस तोडते. बापाच्या बरोबरीने तोडते."

"काय शिकवलं होतं तुला?"

"ती होममेकर नाही, सर."

"मग ही कंपनी विसर."

"विसरले."

या वेळी कुणी हसलं नाही. टाळीही नाही. सरांनी पुढच्या पोराला बोलावलं. चेअरमनचा पोरगा पास झाला, मी राहिले.

आता माझी मीच अर्ज करते. दोन ठिकाणी मुलाखत झाली, दोन्हीकडून नकार आला. आत शिरताना त्या टाळ्या ऐकू येतात, मागे ती पोट दाबून उभी असते. हे माझ्याबरोबर जन्मभर राहणार, हे मला कळून चुकलंय. राहू दे.

उद्या चाकणला जायचंय. ओळख करून द्या म्हणतील. पहिलं नाव कौसाबाईचं घेईन. आणि हसणार नाही.