फोटोवरचा हार
निशिगंधाचा वास आला की मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं शिंपीचाचांचं दुकान आठवतं. आमच्या लाडक्या नटाचा फोटो तिथे मशीनच्या वर टांगलेला असायचा आणि त्याच्या वाढदिवसाला आम्ही चाहते चाचांनीच शिवलेले, त्याच्यासारखे उंच कॉलरचे शर्ट घालून पेढे वाटायचो. तो नट वारला, त्या वर्षीही जमलो. दुकानात इस्त्रीच्या वाफेचा वास होता, बाहेर ऊन रणरणत होतं. एका नव्या चाहत्यानं येताना निशिगंधाचा हार आणला आणि सरळ फोटोला घातला. चाचांची मशीन थांबली. “हार काहून घातला बे? वाढदिवस हाये ना आज त्याचा!” “चाचा, गेले ना ते आता.” “गेला असन तिकडे मुंबईत. इथं नाई गेला.” स्टुलावर चढून त्यांनी हार काढला, पण तो ठेवायचा कुठे हे त्यांना सुचेना, हातात धरून ते तसेच उभे राहिले आणि पेढ्यांचा डबा कोणी उघडलाच नाही. आता चाचाही नाहीत, फोटो माझ्या घरी आहे. वाढदिवस कोणाला आठवत नाही, पुण्यतिथीला मात्र ग्रुपवर सगळे हात जोडतात. यंदा हार मीच आणला. घालताना जरा थांबलो, कोणीतरी ओरडेल म्हणून. कोणी ओरडलं नाही.